रेंज कुठे उभं राहून मोजायची

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यातून वायफायच्या कामासाठी फोन आला, की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "मॅडम, किती ॲक्सेस पॉइंट लागतील? कोटेशन कधी पाठवता?" सोबत व्हॉट्सॲपवर शेडचा नकाशा येतो आणि त्यावरची लांबी-रुंदी बघून मी लगेच आकडा सांगावा अशी अपेक्षा असते. मी आकडा सांगत नाही. उलट विचारते, तुमच्याकडे सगळ्यात आत, सगळ्यात लांब उभं राहून स्कॅनर किंवा टॅब कोण वापरतं? मला आधी त्यांच्या जागेवर जाऊन उभं राहायचंय.

बोईसर-पालघरच्या पट्ट्यात हे काम करता करता माझं हे मत पक्कं होत गेलं. नेटवर्क कसं आहे ते पेटीखाली, म्हणजे ॲक्सेस पॉइंटखाली, उभं राहून कळत नाही, कारण पेटीखाली ते सगळीकडेच छान चालतं. काम सोपवायच्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये स्पीड टेस्ट होते, मोठा आकडा येतो, चहा येतो, सही होते. केबिनच्या छतालाच एक पेटी असते. गोडाऊनच्या मागच्या रांगेत रात्रपाळी करणारा माणूस त्या वेळी घरी झोपलेला असतो.

अशाच एका गोडाऊनने मला बरंच शिकवलं. औषधांचा कच्चा माल साठवायची ती जागा. वर पत्रा, खाली लोखंडी रॅक, रॅकवर लोखंडी ड्रम. पेट्या छताला टांगलेल्या, चांगल्या कंपनीच्या, महागड्या. तिथले एक वयस्कर मामा बारकोड स्कॅनर घेऊन माल उचलण्याची नोंद करायचे. ते म्हणाले, "मॅडम, ह्यात दांड्या सगळ्या दिसतात बघा. पण बटण दाबलं की गोल गोल फिरत राहतं. मग मी गेटपर्यंत चालत जातो, तिथे नोंद जाते, परत येतो. दिवसभर हेच." मी त्यांच्याबरोबर त्या रांगेतून चालले. दांड्या खरोखरच भरलेल्या होत्या.

पडद्यावरच्या दांड्या एवढंच सांगतात, की पेटीचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोहोचतंय. तुमचं म्हणणं पेटीपर्यंत पोहोचतंय का, त्याची त्यांना खबर नसते. जत्रेतला लाउडस्पीकर तीन पाड्यांपलीकडे ऐकू जातो, पण त्या पाड्यातून कुणी मारलेली हाक मंडपात ऐकू येत नाही. तसंच इथे होतं. छतावरची पेटी पूर्ण ताकदीने २०० मिलिवॉटच्या आसपास लहरी सोडत होती. हातातला स्कॅनर बॅटरी वाचवण्यासाठी जेमतेम ३० मिलिवॉट वापरणारा. त्यात दोघांमध्ये ड्रमांच्या भिंती. स्कॅनरने पाठवलेली नोंद पेटीला ऐकू यायची नाही, स्कॅनर तीच पुन्हा पाठवायचा, पुन्हा पाठवायचा, आणि मामांना गोल गोल फिरताना दिसायचं.

दुसरी अडचण याहून चिवट होती. कोणत्या पेटीला धरून राहायचं हे पेटी ठरवत नाही, हातातलं उपकरण ठरवतं. मामा सकाळी गेटमधून आत शिरताना स्कॅनर गेटवरच्या पेटीला जोडला जायचा. ती पेटी इतकी मोठ्याने बोलायची, की मागच्या रांगेत गेल्यावरही त्याला ती ऐकू यायचीच. मग डोक्यावरची जवळची पेटी सोडून तो त्या लांबच्या पेटीलाच चिकटून राहायचा. आमच्या धंद्यात अशा उपकरणाला चिकट म्हणतात आणि कारखान्यातल्या अर्ध्या तक्रारी या एका कारणाने येतात.

उपाय होता पेट्यांची ताकद कमी करणं. हे ऐकून मेंटेनन्सचे साहेब चक्रावले. "एवढे पैसे देऊन घेतलेली ताकद तुम्ही कमी करणार?" त्यांची शंका अगदी बरोबर होती, मीही त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. मी त्यांना मागच्या रांगेत घेऊन गेले, लॅपटॉपवर दोन्ही बाजूंचे आकडे दाखवले. पेटीकडून स्कॅनरला मिळणारा सिग्नल ठीक होता, स्कॅनरकडून पेटीला मिळणारा मात्र कमजोर. आवाजी कॉल किंवा स्कॅनरसाठी आम्ही साधारण उणे ६७ डीबीएम ही मर्यादा धरतो (उण्याचा आकडा वाढला की सिग्नल कमजोर), आणि ती दोन्ही दिशांनी सांभाळावी लागते. मग आम्ही काही पेट्या छतावरून काढून रांगांच्या टोकाशी खाली आणल्या, रांगेच्या दिशेने तोंड असणारे अँटेना लावले, ताकद स्कॅनरच्या बरोबरीला आणली, आणि एक व दोन मेगाबिटचे जुने, संथ वेग बंद केले, म्हणजे लांबचं उपकरण रडतखडत जोडलेलं राहण्यापेक्षा वेळेवर सोडून जवळच्या पेटीकडे जाईल. नवी पेटी एकही घेतली नाही.

तपासणी मात्र आम्ही माल भरल्यावर केली. हे मी आता प्रत्येक कामात अटीसारखं लिहून घेते. रिकाम्या शेडमध्ये केलेला सर्व्हे मार्चमध्ये सुंदर दिसतो आणि दिवाळीआधी गोडाऊन गच्च भरलं की फसतो. लोखंडी ड्रम लहरी अडवतात आणि परतवतात; पाण्याने किंवा द्रावणाने भरलेले प्लास्टिकचे ड्रम त्या गिळून टाकतात. माणूसही बव्हंशी पाणीच असल्यामुळे जेवणाच्या सुट्टीत भरलेलं कँटीन रिकाम्या कँटीनपेक्षा वेगळं वागतं.

हवा सामायिक आहे, हे लोकांना समजावणं सगळ्यात कठीण जातं. केबलमध्ये प्रत्येकाला स्वतःची वाट असते. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीच्यांनी ऐकत थांबायचं, हवा मोकळी वाटली की थोडा वेळ उगाच थांबून मग बोलायचं. खोक्यावर लिहिलेले ८६७ मेगाबिट म्हणजे एकटं उपकरण, अगदी जवळ, बाकी हवा शांत, अशा वेळचा हिशेब. प्रत्यक्षात त्याच्या साधारण ६० टक्के हाती आले तरी उत्तम. आणि संथ उपकरण एक असलं तरी सगळ्यांना रखडवतं, कारण तेवढाच मजकूर सांगायला ते कितीतरी जास्त वेळ हवा अडवून ठेवतं.

एका कारखान्यात मला एकाच छताखाली पाच नावांचं वायफाय आढळलं: स्टाफ, पाहुणे, कॅमेरे, प्रॉडक्शन, डायरेक्टर. प्रत्येक पेटी प्रत्येक नावाची हाळी सेकंदाला जवळपास दहा वेळा देत असते, आणि ती सगळ्यांत संथ वेगाने देते, म्हणजे सगळ्यांना कळावी. एका मेगाबिटच्या वेगाने एक हाळी दोन मिलिसेकंदांच्या वर जाते. एकाच चॅनलवर चार पेट्या आणि पाच नावं असली, की कुणी काहीच वापरत नसतानाही ४० टक्क्यांहून अधिक हवा नुसत्या हाळ्यांनी भरते. आम्ही पाचाची दोन नावं केली. डायरेक्टर साहेबांनी आपलं नाव सोडायला लगेच होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनच्या पोरांनी विचारलं, "मॅडम, नवीन लाइन घेतली का?"

तारापूरच्या कामात हवेची आणखी एक बाजू आहे, ती कुठल्याही पुस्तकात मला सापडली नाही. इथे समुद्र जवळ, खारा वारा. त्यात रसायनांच्या कारखान्यांची वाफ. केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर शहरात दहा वर्षं टिकतो. इथे आम्ल वापरणाऱ्या प्लँटच्या जवळ त्याच्या सोनेरी पिना एका पावसाळ्यात हिरव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. पिना हिरव्या पडल्या की नेटवर्क एकदम बंद पडत नाही, कुरकुरायला लागतं. गिगाबिटचं शंभर मेगाबिट होतं, पेटी रात्री मध्येच बंद होऊन चालू होते, आणि दोष रेडिओचा म्हणून सगळे वर बघत बसतात. म्हणून आम्ही बाहेरचा जोड सीलबंद ग्लँडमधूनच घेतो, ग्रीस लावतो, केबलला खाली झोळ ठेवतो, म्हणजे पाणी वाहून थेंब झोळावरून पडेल, जोडात शिरणार नाही. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मी हातात धरत नाही. त्याच केबलमधून पेटीला वीजही जाते. शंभर मीटर अंतरावर अशा केबलमध्ये व्होल्टेज इतकं पडतं, की दिवसा ठीक चालणारी पेटी रात्री सगळे रेडिओ पूर्ण जोरात आले की कोसळते.

सॉल्व्हंट हाताळणाऱ्या भागात तर साधी पेटी लावताच येत नाही. एक ठिणगी पुरते. तिथे उपकरणं फ्लेमप्रूफ खोक्यात बसवावी लागतात, आणि ते खोकं जाड धातूचं असतं, म्हणजे वायफायची तुरुंगकोठडीच. खोक्यातून अँटेना बाहेर काढायचा तर तोही त्या भागासाठी प्रमाणित लागतो. अनेकदा मी सुचवते की पेटी धोक्याच्या क्षेत्राबाहेर लावू आणि दिशादर्शक अँटेनाने आत बघू. सेफ्टी ऑफिसर नाही म्हणाले तर नाही. या औद्योगिक पट्ट्यात स्फोट झाले आहेत, माणसं गेली आहेत. तिथे रेंजसाठी हुज्जत घालणाऱ्याने या कामात राहू नये असं मला मनापासून वाटतं.

लहरींचंही एक सरकारी बाजूचं गणित आहे, आणि त्याने माझं काम खरोखर बदललं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो, पण तो सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच बसतात: १, ६ आणि ११. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, तेही घराबाहेर वापरायला. बोईसरच्या नव्या वसाहतींत घराघरात राउटर आहे; संध्याकाळी एखाद्या गॅलरीत उभं राहून यादी बघितली तर शेजाऱ्यांची नावं संपत नाहीत, आणि सगळी त्या तीन चॅनलांवर. तिथे पाच गिगाहर्ट्झवर नेलं की फरक त्याच क्षणी दिसतो. आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीपर्यंत मात्र ती लहर दोन भिंती ओलांडून धड पोहोचत नाही, म्हणून मी लोकांना राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर आणायला सांगते. ज्यांनी ऐकलं त्यांना पुन्हा मला बोलवावं लागलं नाही.

कारखाने आणि वसाहती संपल्या की महामार्गाच्या दोन्ही अंगाला पाडे सुरू होतात, आणि तिथे प्रश्नच वेगळा. तिथे एका चॅनलवर गर्दी नसते. तिथपर्यंत इंटरनेट आणायचं कसं, हीच अडचण. पालघर तालुक्यातलं खामलोली हे नाव आमच्या क्षेत्रात जगभर माहीत असायला हवं. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने या परिसरातल्या सात पाड्यांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट नेण्याचा देशातला पहिला प्रयोग उभा केला. कल्पना अशी: ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टीव्हीचे १५ चॅनल बसतात, आणि जमिनीवरून प्रक्षेपण करणारं आपल्याकडे एकटं दूरदर्शन. त्यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की देशात जवळपास कुठेही गेलं तरी या १५ पैकी निदान १२ चॅनल रिकामे होते. त्या रिकाम्या जागेतून गावापर्यंत यायचं, आणि गावात शेवटचा टप्पा साध्या वायफायने गाठायचा. पुढे ग्राममार्ग या नावाने तो प्रकल्प जिल्ह्यातल्या २५ गावांत गेला, बराचसा भाग ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओंवर. मार्च २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती त्यांनी मांडलेली भागीदारी: सरकार आणि खासगी कंपनी यांच्याबरोबर पंचायतही मालक, आणि गावातलाच एक तरुण ते नेटवर्क चालवणारा.

टीव्हीचा पट्टा त्यांनी का निवडला, हे मला सागाने शिकवलं. एका ग्रामपंचायतीसाठी आम्ही पाच किलोमीटरची ५.८ गिगाहर्ट्झची जोडणी एप्रिलमध्ये केली. मध्ये सागाची झाडं, पण तेव्हा पानं झडलेली. पलीकडचा टॉवर फांद्यांमधून नजरेला स्पष्ट दिसत होता. नजरेला दिसतं म्हणजे लहरीला मोकळं आहे असं नसतं. पाच किलोमीटरच्या मध्यावर त्या लहरीला सरळ रेषेभोवती चहूबाजूंनी सुमारे आठ मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि निदान ६० टक्के तरी ती रिकामी असावी लागते. आम्ही उंच खांबाची मागणी केली होती, निधीत बसेना. एप्रिलमध्ये सिग्नल उणे ६० होता. जुलैत सागाला सुपाएवढी पानं आली, ती भिजली, आणि सिग्नल उणे ७८ वर गेला. गावकरी म्हणायचे, पावसामुळे जातं. पावसाचा दोष फार थोडा होता. या लहरीला मुसळधार पावसातही किलोमीटरमागे एखादा डेसिबल लागतो. भिजलेलं पान लहरीला खातं. ५.८ गिगाहर्ट्झची लहर पाच सेंटिमीटरची, सागाचं पान तिच्या कित्येक पट मोठं. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटिमीटरची. ती पानांतून बरीचशी निघून जाते. पुढच्या वर्षी निधी आला, खांब वाढला, जोडणी सुधारली.

लांब पल्ल्याला आणखी एक बारीक सेटिंग असतं, तेही नमूद करते, कारण त्यावाचून चांगल्या जोडण्या विनाकारण बदनाम होताना पाहिल्या आहेत. वायफाय मुळात इमारतीच्या आत वापरायला बनलं. एका बाजूने मजकूर पाठवला की दुसऱ्या बाजूने पोच यायला हवी, आणि ती काही मायक्रोसेकंदांत अपेक्षित असते. पाच किलोमीटर जाऊन यायला लहरीलाच ३३ मायक्रोसेकंद लागतात. रेडिओला अंतर नीट सांगितलं नाही, तर पोच वाटेत असतानाच तो मजकूर हरवला समजून पुन्हा पाठवतो. सिग्नल उत्तम, वेग मरतुकडा.

हे सगळं जमल्यावर त्याच ग्रामपंचायतीत मी संध्याकाळी थांबले होते. पेटी कार्यालयाच्या आत, ग्रामसेवकांच्या टेबलावर. दिवसा दाखले, ऑनलाइन अर्ज व्यवस्थित चालायचे. कार्यालय बंद झालं की शिपाई मेन स्विच बंद करून कुलूप लावायचा. त्याला तशीच सूचना होती, विजेचं बिल पंचायतीवर येतं. सात वाजता मुलं बाहेर ओट्यावर मोबाइल घेऊन येऊन बसली. एका मुलीने मला विचारलं, "ताई, हे रात्री का नाही चालत? दिवसा आम्ही शाळेत असतो." वसतिगृहाच्या अर्जाची तारीख तिच्यासाठी महत्त्वाची होती, आणि तिला वेळ मिळायचा तो संध्याकाळीच.

सगळ्या मोजण्या दुपारी, आत, टेबलाशी केल्या जातील अशीच सोय या कामाच्या कागदपत्रांत होती. म्हणून मी सरपंचताईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "बिल किती वाढेल?" दोन्ही रेडिओ आणि पेटी मिळून ३० वॉटच्या आत, दिवसरात्र चालवलं तरी महिन्याला सुमारे २२ युनिट. त्या म्हणाल्या, "एवढंच?" आठवड्याच्या आत पेटीचा वायर मेन स्विचच्या आधी घेतला, छोटा इन्व्हर्टर जोडला, आणि दुसरी पेटी ओट्याच्या वरच्या वाशाला, पावसापासून आत, लावली. ओट्याच्या सगळ्यात लांबच्या पायरीवर मुलांना बसवून त्यांच्याच स्वस्त मोबाइलवर मोजलं. तिथे उणे ६४ मिळालं.

आता आमच्या सुपूर्दगीच्या कागदावर मी एक रकाना वाढवला आहे. नकाशावर सगळ्यात अवघड जागा दाखवायची, वेळ लिहायची, उपकरण कोणाचं ते लिहायचं, आणि त्या जागी रोज उभं राहणाऱ्याची सही घ्यायची. गोडाऊनच्या कागदावर मामांची सही आहे. पंचायतीच्या कागदावर त्या मुलीने सही केली, सरपंचांच्या सहीच्या वर. काही गिऱ्हाईकांच्या खरेदी विभागाला हा रकाना पटत नाही, बिल अडतं, फोनाफोनी होते. मी तो काढत नाही.

मे महिन्यात पाड्यांवरची फेरी असते. सागाच्या आड येणाऱ्या फांद्या मालकाला विचारून छाटायच्या, खांबावरचे जोड उघडून पुन्हा सील करायचे, वीज पडण्यापासून बचावाची अर्थिंग तपासायची, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं. पंचायतीतलं काम आता तिथलाच एक मुलगा करतो; बारावी झालाय, क्रिम्पिंग माझ्याहून सफाईने करतो. गेल्या फेरीला त्याने मला आधीच फोन करून सांगितलं, की पलीकडच्या पाड्यावर अंगणवाडीजवळ रेंज उणे ८० च्या खाली जाते, त्याने दोन वेळा, सकाळी आणि रात्री, मोजली आहे, तेव्हा येताना एक बाहेरची पेटी आणि साठ मीटर केबल घेऊन या.